आत्याबाईंच्या नावाची पोर

आमच्या मागच्या दारात उभं राहिलं की समोर खळं दिसायचं. भावकीतल्या चार घरांचं मिळून एकच खळं, त्यामुळं चांगलं ऐसपैस. त्यात तिवडा रोवलेला, म्हणजे मळणीला बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. बाकीच्या तिघांनी केव्हाच मशीनची वाट धरली होती. त्यांची बाजरी शेतातच निघायची आणि पोत्यात भरून घरी यायची. आमची मात्र खळ्यावरच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या की मशीनच्या बाजरीची भाकरी थापताना चिरते. चिरत नाही. मी दोन्ही थापून पाहिल्या होत्या. पण हे त्यांना कधी बोलले नाही. मी कुणालाच फारसं काही बोलत नसे.

आणि तरी एका वर्षी मी हायस्कूलच्या मुलींची खो-खोची टीम घेऊन घोडेगावला गेले, कोच म्हणून. आता घरात हे सांगितलं की सुना हसतात. त्यांना वाटतं, मी कोंबड्यांना हुसकते तेवढाच माझा आवाज.

झालं ते असं. आमच्या हायस्कूलला खेळाचे म्हणून जे सर होते ते खरे गणिताचे. खेळ त्यांच्या गळ्यात पडला होता, पण पडला म्हणून त्यांनी टाकला नाही. शाळेचं मैदान एकच. त्यात निम्म्यावर पोरांची कबड्डी, निम्म्यावर पोरांचंच क्रिकेट. खेळाच्या तासाला पोरी व्हरांडा झाडायच्या. सरांनी नववीच्या आणि आठवीच्या पोरी गोळा करून खो-खोची टीम केली आणि शाळा समितीच्या अध्यक्षांकडं जागा मागितली. अध्यक्ष म्हणाले, पोरींनी तालुका जिंकून दाखवला तर पुढच्या वर्षापासून निम्मं मैदान पोरींचं. असलं बोलणं माणूस कधी बोलतो, तर ते पाळायची वेळ येणार नाही याची खात्री असते तेव्हा. सरांनाही ते कळलं असणार, पण त्यांनी चार माणसांसमोर अध्यक्षांकडून ते दोनदा वदवून घेतलं, आणि मग आमच्याकडं आले खळं मागायला.

आमच्या घरात विचारायचं ते आत्याबाईंना. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सरांचं सगळं बोलणं होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "बाजरी येईस्तवर खेळा. बाजरी आली की खळं माझं."

म्हणजे पावसाळ्यापासून बाजरी काढणीपर्यंत. तेवढ्यात तालुका जिंकायचा. जिंकला तर मैदान, नाही तर पोरी पुन्हा व्हरांड्यात.

खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. एक आमचा तिवडा झाला. दुसरा बाभळीचा ओंडका सरांनी तासून आणला आणि रोवला. तिवडा जरा कललेला होता. त्याला धरून वळताना पोरींना कमरेत जास्तीचा झोल द्यावा लागायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची कोपरं सोलली. दिवस मावळायच्या आधी तास-दीड तास खेळ चालायचा आणि मी मागच्या दारात सूप घेऊन बसायचे. तांदूळ निवडायचे, शेंगा फोडायच्या, काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडायचे.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडं होती म्हणून तिथंच थांबले. त्या चार वर्षांत मला आलं ते वाचणं, लिहिणं आणि खो-खो. खो-खोत बोलावं लागत नाही. नुसता खो म्हणायचा, तोही दुसऱ्याच्या पाठीवर. मला तो खेळ त्याचसाठी आवडायचा.

तर बसल्या बसल्या मी बघायचे. पळायला तिघी आत असतात. आठ जणी ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि नववी धरायला मागं. ती नववी एकीच्या मागं लागलेली असताना मधेच दुसऱ्या कुणाला तरी खो देते आणि जी निवांत उभी असते तीच नेमकी सापडते. आमच्या पोरी अशाच बाद व्हायच्या. एके दिवशी असंच एकीच्या मागून धरणारी उठली आणि माझ्या हातून टाळी वाजली. आपोआप. पोरगी दचकून पळाली आणि वाचली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी सूप घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सर दारात आले. "वहिनी, ती टाळी पुन्हा वाजवाल का?" एवढंच म्हणाले.

मग आमचं ठरत गेलं. पळणाऱ्या तिघींपैकी पहिलीला एक टाळी, दुसरीला दोन, तिसरीला, म्हणजे मधल्या आळीतल्या पोरीला, तीन. टाळी ऐकली की समजायचं, तुझ्या मागं येतंय. सर पोरांच्या कबड्डीकडं जायला मोकळे झाले आणि मला बोलावं लागत नव्हतं, म्हणून मीही खूश होते.

पहिली होती कॅप्टन. शिंप्याच्या दुकानातली, मुसलमानाची पोर, नववीतली, जिभेनं तिखट. अर्ध्या चड्डीत पोरी खेळतील हे घराघरांतून मान्य नव्हतं, तर तिच्या वडलांनी सगळ्यांना घोट्यापर्यंतच्या हिरव्या पॅंटी शिवून दिल्या, खाली इलास्टिक. दुसरी माझ्या चुलत जावेची मुलगी. आणि तिसरी ती मधल्या आळीतली, काडीसारखी. टीममधली सगळ्यात चपळ तीच. तिचे वडील भाजीचा टेम्पो चालवायचे.

तिला मी मधल्या आळीतली म्हणते, कारण तिचं नाव मला घेता येत नव्हतं. बाकीच्या पोरींची नावं टीव्हीतल्या नट्यांची, हिचं एकटीचं पणजीचं ठेवलेलं, आणि ते नेमकं आत्याबाईंचं नाव. सासूचं नाव सून कसं घेणार? आमच्यात नाही घेत. घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं म्हणतात. ते खरं असो-नसो, पण पंधरा वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते निघतच नाही. घशात दार लागल्यासारखं होतं. लग्नात नवऱ्याचं नाव घ्यायला निदान उखाणा तरी असतो. सासूच्या नावाला तीही सोय नाही.

पोरींना याची फार गंमत वाटायची. मला जे काही सांगायचं असेल ते "अगं, तिला सांग" असं दुसरीकडून सांगावं लागायचं. कॅप्टन एकदा म्हणाली, "काकू, उखाण्यात घ्या की नाव." तर माझ्या जावेची पोर म्हणाली, "उखाणा संपेस्तवर ती बाद व्हईल." खळ्यावर सगळ्या हसून लोळल्या. ती काडीही हसली. तिला स्वतःचं नाव तसंही आवडत नव्हतं.

आत्याबाई हा सगळा वेळ ओट्यावर पाठ करून बसायच्या. पोरींकडं बघायच्या नाहीत. धूळ घरात येते, मिरच्या वाळत घालायला जागा नाही, तिवडा हलला, असं एकेक काढायच्या. पण एका संध्याकाळी जेवताना मला म्हणाल्या, "ती टेम्पोवाल्याची दर बारीला डावीकडनंच का वळती? धरणारीला म्हाईत झालं म्हंजी?" मी भाकरी उलटायची विसरले. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी जावेच्या पोरीकरवी तसा निरोप दिला, कोणी सांगितलं ते न सांगता.

गणपती उठले आणि सामने आले. त्याच दिवशी पोरांची कबड्डी मंचरला होती. सर एक, गावं दोन. मुलींबरोबर बाईमाणूस पाहिजे असा नियम होता आणि शाळेतल्या एकुलत्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर. सर पुन्हा आमच्या ओट्यावर आले. मी आतून ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही, नाही. आत्याबाई म्हणाल्या, "जाईल की. टाळ्याच वाजवायच्यात ना?"

भाजीच्या टेम्पोतून गेलो. रिकाम्या कॅरेटवर पोरी बसल्या, सगळ्या हिरव्या पॅंटीत. टोमॅटोचा वास अंगाला लागला तो दिवसभर गेला नाही. घोडेगावच्या त्या मैदानावर मी आयुष्यात पहिल्यांदा खरं खो-खोचं मैदान पाहिलं, चुन्याच्या रेषा मारलेलं, दोन्ही खांब सरळ. पोरींना सरळ खांब बघून फार बरं वाटलं. आमच्या वाकड्या तिवड्यावर शिकलेल्या, त्या सरळ खांबावरून पाण्यासारख्या वळायला लागल्या.

पहिला सामना जिंकलो. दुसराही. मी टाळ्या वाजवत होते, पोरी वाचत होत्या. तिसऱ्या सामन्यानंतर एक अनोळखी सर मला येऊन म्हणाले, मॅडम, तुमची टीम छान आहे. मॅडम. मी पदर सारखा केला आणि पाण्याचा ड्रम बघायला निघून गेले.

फायनल धरणाकडच्या शाळेबरोबर होती. त्या पोरी डोंगरातल्या, अनवाणी, आणि त्यांच्या पायांचा आवाजच येत नव्हता. त्यांच्या शाळेची सगळी पोरं दोन गाड्या भरून बघायला आली होती. आमच्याकडून होते टेम्पोवाले आणि मी. खेळ अगदी तोलाचा झाला. आमची धरायची पाळी आधी संपली. त्यांची शेवटची पाळी राहिली होती आणि त्या आमच्यापेक्षा दोन गुणांनी मागं होत्या. त्यांनी एक गडी बाद केला, मग अजून एक. बरोबरी झाली. आता आमच्या शेवटच्या तिघी आत होत्या, तीच कॅप्टन, जावेची पोर आणि माझी काडी. शिट्टी होईपर्यंत तिघी टिकल्या तर जादा डाव मिळणार होता. आणि दमात आमच्या पोरी त्यांना ऐकणाऱ्या नव्हत्या, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या पोरांनी टाळ्या धरल्या. एका तालात, सगळ्यांनी मिळून. वाईट मनानं नव्हे, आपल्या पोरींना जोर यावा म्हणून. पण त्या टाळ्यांत माझ्या टाळ्या कुठं ऐकू जाणार? मी दोन वाजवल्या, कुणाला कळल्या नाहीत. तीन वाजवल्या, काही नाही. माझ्या तळहातांची नुसती आग झाली.

मग मी ओरडले. आधी कॅप्टनचं नाव घेऊन ओरडले. ती वळली, वाचली. जावेच्या पोरीचं नाव घेऊन ओरडले. ती पण वाचली. टेम्पोवाले माझ्याकडं असे बघत होते की जणू त्यांचा टेम्पो बोलायला लागला. मला स्वतःलाच माझा आवाज ओळखीचा वाटेना. पण चांगला होता. लांब जात होता.

शिट्टी व्हायलाच आली होती. धरणारी कॅप्टनच्या मागं होती आणि काडी दुसऱ्या खांबाजवळ श्वास घेत उभी होती, पाठ करून. धरणारीनं मधेच खो दिला. काडीच्या अगदी मागची पोरगी उठली. मला दिसलं. तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, अगदी पुढं आलेलं. आणि दार लागलं.

बाहेर पडलं ते एवढंच. "अगं, मागं बघ!"

तिघींनी मागं बघितलं.

काडीनं बघितलं, धरणारी दिसली आणि ती निसटली. ज्या पोरीसाठी ओरडले ती वाचली. जावेची पोर लांब होती, तिला काही झालं नाही. कॅप्टन मात्र धावता धावता वळून बघायला अर्धं पाऊल थांबली. तिच्या शेजारी बसलेलीला तोवर खो मिळाला होता. कॅप्टनच्या पाठीवर थाप पडली. पंचांनी हात वर केला आणि मागोमाग लांब शिट्टी.

एका गुणानं हरलो.

पोरी खाली बसल्या त्या उठेनात. कॅप्टन कधी रडायची नाही, तीही गुडघ्यात डोकं घालून बसली. मी तिच्याजवळ गेले. तिच्या पॅंटीची माती झटकत राहिले. ती म्हणाली, "काकू, तुमी 'अगं' कुनाला म्हनला?" मी काडीकडं हात केला. कॅप्टननं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिला आधी रडू येत होतं त्यातच हसू यायला लागलं. मग बाकीच्यांना कळलं. काडी म्हणाली, मी आजच्या आज नाव बदलून घेते. परत येताना टेम्पोत निम्मा रस्ता रडणं आणि निम्मा रस्ता हसणं चाललं होतं. धरणाकडच्या पोरी फार छान खेळल्या असं मात्र सगळ्यांनीच कबूल केलं.

घरी आले तर आत्याबाई ओट्यावर. पाठ रस्त्याकडं नव्हती, तोंड होतं. काय झालं ते जावेच्या पोरीनं माझ्या आधीच सगळं सांगून टाकलं. टाळ्यांचं, ओरडण्याचं, अगंचं. मी उंबऱ्याशी उभी. आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला.

"म्हंजी माझ्या नावाची बाद न्हाई झाली?"

"न्हाई. ती वाचली," मी म्हणाले.

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि लसूण पुढं ओढला.

अध्यक्षांनी आपला शब्द पाळला. तालुका जिंकला नव्हता, तेव्हा मैदान पोरांचंच राहिलं. वर त्यांनी पारावर बोलून दाखवलं की एका बाईनं सासूचं नाव घेतलं नाही म्हणून टीम हरली, अशानं कशी मैदानं मिळायची. ही गोष्ट अर्ध्या दिवसात गावभर फिरली आणि फिरत फिरत आमच्या ओट्यावर आली. पोरी हरल्या याचं आत्याबाईंना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. आपल्या नावावर ही गोष्ट गावात राहणार, हे त्यांना नको होतं.

इकडं बाजरी पिकून उभी होती. पोरींनी ठरल्याप्रमाणं बाभळीचा ओंडका उपटून भिंतीला लावला आणि त्या शाळेत निघून गेल्या. मी शेण आणून ठेवलं, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी खळं सारवायचं होतं. सकाळी आत्याबाई माझ्या मालकांना म्हणाल्या, औंदा मशीन सांग. मालकांना वाटलं, ऐकण्यात चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"मशीन सांग म्हनलं न्हवं का," त्या म्हणाल्या. "भाकरी चिरंल तर चिरंल. खळं पोरींना ऱ्हाऊ दे. बाराही म्हयनं."

मी भाकरीबद्दल काही बोलले नाही. आणलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या.

ओंडका पुन्हा रोवला गेला. पहिल्याच संध्याकाळी आत्याबाईंनी आपलं पोतं ओट्यावरून उचलून मागच्या दारात, माझ्या सुपाशेजारी टाकलं आणि बसल्या. म्हणाल्या, तिघींपैकी दोघींची नावं तू घे. तिसरीच्या वेळी मला कोपर मार.

खेळ सुरू झाला. काडी निवांत उभी होती, मागची उठली, मी कोपर मारलं. आत्याबाईंनी मोकळ्या गळ्यानं स्वतःचंच नाव घेऊन अशी हाक मारली की भिंतीवरची कोंबडी उडाली. काडी जागच्या जागी थांबली, वळली आणि आदबीनं म्हणाली, "काय आज्जी?"

आणि बाद झाली.

आत्याबाईंनी तिला जे काही ऐकवलं त्यात तिच्या पणजीपर्यंतचे सगळे आले. पणजी म्हणजे आत्याबाईंची मैत्रीण. पोरी खाली बसून हसत होत्या. धरणारी पण धरायचं सोडून हसत होती. मी पदर तोंडाला लावला होता.

पुढं ती हाकेला थांबायची सोडून पळायला शिकली. दुसऱ्या वर्षी आत्याबाई टेम्पोत पुढच्या सीटवर बसून घोडेगावला आल्या. पंच दोनदा बघायला आले की ही म्हातारी स्वतःलाच का हाका मारतेय. फायनलपर्यंत काही आम्ही त्या वर्षी पोचलो नाही. पण मैदान कुणाकडं मागायचं नव्हतं, त्यामुळं येताना पोरींनी टेम्पोत बसल्या बसल्याच ठरवलं की उद्या खळ्यावर लवकर यायचं. आत्याबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, आधी तिवडा सरळ करा. तो काही कुणी सरळ केला नाही.